कव्हराच्या आतली बाजू

अकराव्या वर्षी मी कुराणाच्या तीस भागांपैकी एकोणतीस पारे संपवले आणि तिसाव्याच्या शेवटच्या दोन पानांवर अडकले. अडकणं आमच्या घराण्याला नवीन नव्हतं. चुलते दहावीत अडकले होते, आत्या सासरच्या भांडणात, आणि अब्बा चिकलठाण्याच्या कारखान्यात एकाच मशीनवर माझ्या जन्माआधीपासून अडकलेले होते. पण अल्लाहच्या पुस्तकात अडकलेली मी पहिलीच. त्यातही धडा अवघड होता म्हणून अडकले असते तर सांगायला बरं वाटलं असतं. त्या पानांवरच्या सूरा, म्हणजे अध्याय, इतक्या छोट्या की एका श्वासात दोन म्हणाव्यात. मी अडकले एका कागदामुळे, आणि त्याहून जास्त माझ्या जिभेमुळे.

मुलीनं पहिल्यांदा सगळं कुराण वाचून संपवलं की आमच्याकडं हदिया करायचे. नवे कपडे, डोक्यावर ओढणी, गल्लीतली बायामाणसं गोळा, समोर उस्ताद. शेवटच्या सूरा सगळ्यांसमोर म्हणायच्या, उस्तादांना कपडे द्यायचे आणि मिठाई वाटायची. माझ्या हदियासाठी अम्मीनं मोरपंखी कापड आणून ठेवलं होतं. रव्याचे लाडू गंगाकाकूकडं होते. ते कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या घरातले लाडू काकूच वळायची. अम्मीचे लाडू भिंतीत खिळा ठोकायला बरे होते.

गंगाकाकू म्हणजे आमची शेजारीण. हर्सूलला आमची दोन घरं एका भिंतीला पाठ लावून होती आणि त्या भिंतीत मधोमध एक आरपार कोनाडा होता. तो कुणी, कधी आणि का ठेवला ते कुणालाच माहीत नव्हतं. पण दिवसभर त्यातून काही ना काही चालूच असायचं. इकडून खिचडी-खट्टा, तिकडून येसरची आमटी. इकडून उसनी साखर, तिकडून आलेला टोमणा. गुरुवारी काकूला मटणाचा वास चालत नसे, म्हणून अम्मी गुरुवारी वांगी करायची आणि वर अब्बांना सांगायची की वांग्यानं रक्त सुधारतं. पहाटेची अजान, पाठोपाठ काकूच्या खराट्याचा आवाज, मग लांबून जेलचे टोले, मग अब्बांच्या सायकलची कुरकुर. मला आजही या क्रमानं जाग येते, आणि यातलं एकही आता माझ्या फ्लॅटमध्ये ऐकू येत नाही.

मला वाचायला शिकवलं बडी आपानं. आपा विधवा होती. स्वतःच्या ओसरीवर तीस-पस्तीस पोरींना बसवून एका हातानं तांदूळ निवडत ती दोन्ही कानांनी ऐकायची. कुणी एक मात्रा खाल्ली तरी तांदूळ थांबायचा. आम्ही बहुतेक सगळ्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतल्या, म्हणून अर्थ ती मराठीत सांगायची. "रब म्हणजे कोन? सांभाळणारा. तुझ्या बापाला सांभाळतो, गंगाच्या म्हशीला बी सांभाळतो. समज्या क्या?" तो अर्थ आम्ही शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर मराठीत उतरवून घ्यायचो. पुढं आपाचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि लेक तिला खुलताबादला घेऊन गेली.

तिच्या जागी आले नवे मौलवी, ज्यांना सगळे हजरत म्हणायचे. वय बावीस-तेवीस, दाढी अजून पुरती भरलेली नाही, कुठून तरी उत्तरेकडून शिकून आलेले. मशिदीच्या बाजूच्या खोलीत मुलींचा वर्ग भरू लागला. माणूस वाईट नव्हता. छडी नव्हती, आवाज चढत नसे. उच्चार असे सुंदर की ऐकत राहावं. पण आमच्या दख्खनीतलं "हौ" आणि "नक्को" ऐकलं की त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. मराठी अर्थाच्या वह्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरी ठेवायला सांगितल्या. "ये उन लोगों की ज़बान है," म्हणाले. उन लोगों की! माझी अम्मी कोंबड्यांनासुद्धा मराठीत शिव्या द्यायची. मी मराठीत स्वप्नं बघत होते, मराठीत नापास होत होते. अकरा वर्षं जी भाषा माझी होती ती एका सकाळी 'त्यांची' झाली आणि मला कळवायलासुद्धा कुणी आलं नाही.

आता कागदाचं सांगते. जूनमध्ये गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायचं काम गंगाकाकूचं. तिच्याकडं जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा असायचा. गुळगुळीत, जाड कागद, त्यावर देवदेवतांची नाहीतर डोंगरदऱ्यांची चित्रं. कात्री नाही, डिंक नाही. अंगठ्याच्या नखानं ती अशी घडी मारायची की वर्षभर पुस्तक हलत नसे. चित्र नेहमी आत, पांढरी बाजू बाहेर, म्हणजे वर नाव लिहिता येतं. त्या वर्षी अम्मीनं माझा तिसावा पारा, ती पातळशी सुटी पुस्तिका, काकूपुढं ठेवली. काकू मागं सरकली.

"ह्याला मी हात लावू का, शाहीनची आई?"

"धुऊन लाव. मीबी धुऊनच लावते."

काकूनं रांजणातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. मग गठ्ठा चाळून एक पान वेगळं काढलं: नुसता धबधबा, बाजूला झाडं. माणूस नाही, देव नाही. "ह्ये तुमच्यात चालतंय," ती म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी राहून तिला ठाऊक होतं. धबधब्याचं कव्हर पाऱ्याला, आणि कमळातली लक्ष्मी माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला.

त्या लक्ष्मीच्या दोन्ही बाजूंना दोन हत्ती होते, सोंडेत कलश घेतलेले. डावा हत्ती माझ्याकडं बघून हसत होता. इतिहासाच्या पुस्तकात तसंही मी कधी डोकावत नसे, आणि मक्तबमध्ये, म्हणजे हजरतांच्या वर्गात, आपला नंबर येईपर्यंत तास-तास बसावं लागे. तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मी दोन्ही कव्हरं उतरवली आणि अदलाबदल केली. मापात बसेना म्हणून कडा पुन्हा मोडल्या. मग रोज सकाळी नंबर येईपर्यंत कव्हराच्या घडीत बोट घालून हळूच हत्ती बघायचा आणि डोळे मिटून सबक, म्हणजे दिलेला धडा, म्हणायचा. माझी इतकी एकाग्रता बघून हजरतांनी दोनदा इतर मुलींना माझं उदाहरण दिलं होतं.

पण माझ्या घड्या म्हणजे काकूच्या घड्या नव्हेत. हदियाला दहा-बारा दिवस उरलेले. मी पारा उचलून हजरतांच्या समोर ठेवला आणि कव्हर आपोआप उलगडून पसरलं. पांढऱ्या चटईवर कमळातली लक्ष्मी, दोन हत्तींसकट. चाळीस मुलींचं गुणगुणणं एकदम थांबलं.

हजरतांनी पारा उचलून कपाळाला लावला, उंच फळीवर ठेवला. कागदाकडं बघितलं नाही. फार हळू विचारलं, "ये किस ने चढ़ाया?"

ओरडले असते तर मी खरं बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता वय झालं, तेव्हा तेही खोटंच म्हणून टाकते. मी म्हटलं, "काकूनं."

"कौन काकू?"

"बाजू की. गंगाकाकू."

"तुम्हें पता था?"

"नक्को," म्हटलं, आणि भीतीनं इतकी गोंधळले की "नहीं" म्हणायचं असतं हेही आठवलं नाही.

संध्याकाळी हजरत मशिदीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आमच्या दारात आले. मी आतल्या खोलीत, गोधडीत तोंड खुपसून. त्यांचं म्हणणं असं की शेजारणीनं हे भाबडेपणानं केलं असो की मुद्दाम, मुलीचं ईमान, म्हणजे श्रद्धा, कच्चं असतं. घरचं येणं-जाणं कमी करावं, तिच्या हातची मिठाई हदियात नको, आणि तिला बोलवायचं तर बिलकूल नको. नाहीतर ते स्वतः हदियाला बसणार नाहीत. अब्बा युनियनच्या सभेतही मागच्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ. ते प्रत्येक वाक्याला "जी" म्हणाले. मी मोजले, सात वेळा.

ते गेल्यावर अम्मी चुलीपासून उठली. "जी? जी म्हणालात? त्या बाईनं तुमच्या पोरीची नाळ पुरली. मी बाळंतपणात मरायला टेकले तेव्हा हे हजरत कुठं होते?"

"हजरत तेव्हा आपल्या शाहीनएवढे असतील," अब्बा पुटपुटले.

"त्येच म्हणते मी!"

काकूला सांगायचं काम अब्बांवर आलं. ते तिच्या अंगणात उभे राहून पावसाबद्दल बोलले, मग म्हशीबद्दल. शेवटी काकूनंच सोडवलं त्यांना. "नळावर ऐकलंय, भाऊ. रवा भाजून ठिवला व्हता. लाडवाला काय धरम असतो ते मला ठाव नाय, पर तुमची मर्जी." मी कोनाड्यातून ऐकत होते. तेव्हा तिनं एकदा कोनाड्याकडं बघितलं. फक्त बघितलं. त्या दिवसापासून भिंतीतून काही येईना आणि काही जाईना. एवढीशी जागा, पण ती बंद पडल्यावर घर मुकं झालं.

हे कमी होतं म्हणून की काय, गोष्ट शाळेत पोचली. आमचे गुरुजी वर्गात मोठ्या समाधानानं म्हणाले, "बघा, शेजाऱ्याच्या हातचं खायचं नाही, यांच्यात हे असंच शिकवतात." यांच्यात! आपाकडं मी सात वर्षं शिकले त्यात हे कुठं होतं, ते गुरुजींनी कधी विचारलं नाही. एकाच आठवड्यात दोन शिक्षकांनी मला दोन बाजूंनी ढकललं, आणि दोघांचं मिळून एकमत एवढंच होतं की काकू आणि मी एका घरातल्या नव्हेत.

इथं जरा थांबून आजचं सांगते, कारण माझा राग जुना झालाय असं कुणाला वाटू नये. मागच्या वर्षी रविवारच्या मक्तबांसाठी दीनियातचं, म्हणजे धर्मशिक्षणाचं, एक नवं पुस्तक तयार होत होतं, आणि मराठीची शिक्षिका म्हणून मला मसुदा वाचायला बोलावलं. छान छपाई, रंगीत चित्रं, तज्वीदसाठी, म्हणजे शुद्ध उच्चारांसाठी, मोबाइलवर ऐकायची सोय. धडा सातवा: शेजाऱ्याचे हक्क. चित्रात चार शेजारी. चौघांच्याही डोक्यावर टोपी. मी विचारलं, "या गावात दुसरं कुणी राहत नाही का?" एक तरुण आलिम, धर्माचे अभ्यासक, नम्रपणे म्हणाले, "मॅडम, मुलांचा गोंधळ होतो." मी म्हटलं, "मुलांचा गोंधळ चित्रात नाही होत, दाराबाहेर पडल्यावर होतो. पैगंबरांच्या हदीसमध्ये शेजाऱ्याला टोपी घालून कुणी बसवलं?" चहा आला, विषय बदलला. त्याच महिन्यात शहरातल्या एका परिसंवादात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या मदरशांत सहिष्णुता शिकवतात का हो?" मी म्हटलं, "तुमच्या सोसायटीत आम्हाला फ्लॅट देतात का हो?" तिथंही चहा आला. या शहरात राग आला की चहा येतो.

तर आठव्या दिवशी अम्मीनं ठरवलं. रविवारी सकाळी तिनं पारा जुजदानात, त्याच्या कापडी बासनात, गुंडाळला, मला दंडाला धरलं आणि काकूच्या दारात उभी राहिली. "चल, खुलताबादला. आपा पोरीचं शेवटचं ऐकेल. हजरत नाय तर नाय."

"मी कशाला? मला बोलवायचं नाय म्हणलेत नव्हं?"

"हजरत म्हणले. मी म्हणले का? लुगडं बदल."

बसमध्ये तिघी एका बाकावर बसलो, मी मधे. दोघी माझ्या डोक्यावरून अजिबात बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. खुलताबादला आपा सीताफळाच्या झाडाखाली बाजेवर बसली होती. डोळे दुधाळ झालेले, कान तसेच. माझा आवाज ऐकून हसली. "लंबी हो गई क्या गे तू?" अम्मीनं सगळं सांगितलं: कागद, हजरत, सात वेळा जी. आपा हुंकार देत राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, वाच. पण तिनं विचारलं, "शाहीन, कव्हर किसने चढ़ाया?"

तोच प्रश्न, तसाच हळू आवाज. पण आपापुढं एक मात्रा खाल्लेली खपत नसे. मी रडत सगळं सांगितलं. धबधबा, अदलाबदल, बोट घालून बघितलेले हत्ती. अम्मीचा हात वर गेला आणि तिथंच राहिला.

आपानं पारा माझ्या मांडीवरून उचलून जुजदानात घातला आणि गाठ मारली. "आज नहीं. ऐक. तू नमाज बुडवली, रोजा बुडवला, तर तो तुझ्या आन् अल्लाहच्या मधला मामला. तो माफ करेल. पन बंद्याचा, मानसाचा, हक मारला तर अल्लाह बी माफ नाय करत, जोपर्यंत तो बंदा करत नाय. ह्याच्यात अल्लाह हात नाय घालत. गंगा बोलेगी पढ़, तब पढ़ना."

दीन म्हणून जे काही मला शिकवलं गेलं त्यातलं हे एक वाक्य मी कधी वहीत उतरवलं नाही. गरज पडली नाही.

मी काकूकडं वळले. ती झाडाकडं बघत होती.

"मला पहिल्या दिसापास्नं म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी धबधबा काढून दिला व्हता. माझ्या हातची घडी सुटंल व्हय?"

"मग बोलली का नाहीस?" अम्मी ओरडलीच.

"लेकरू बोलंल म्हणून थांबले. आठ दिस थांबले. नळावर बाया इचारायच्या, गंगे, तू असं का केलंस गं? मी घागर भरायची आन् यायची." मग माझ्याकडं बघून, "माझ्याफुडं रडून काय उपेग? मला तर ठावच हाय. ज्याच्याफुडं खोटं बोललीस, त्याच्याफुडं बोल."

सोमवारी सकाळी चाळीस मुलींसमोर मी उभी राहिले आणि हजरतांना सांगितलं. काकूनं धबधबा दिला होता, लक्ष्मी मी घातली. भाषा दख्खनी, मराठी, उर्दू अशी तिन्हीत लटपटत होती.

"तुम ने? क्यों?"

"हाथी अच्छे लगे."

मुली खुदकन हसल्या. आणि मी शपथेवर सांगते, हजरतांनाही हसू आलं. दाढीच्या कडेला आलं होतं ते. बावीस वर्षांचं पोरच की तेही. पण त्यांनी ते गिळलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बैठो. आइंदा झूठ नहीं."

मी बसले नाही. "काकू को बोलना पड़ेगा ना, हजरत?"

"तुम कह देना. कहना ग़लतफ़हमी हुई."

"आप नहीं आते?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना नदी पोहून जायला सांगत होते. मशिदीच्या खोलीपासून काकूच्या दारापर्यंत तीस पावलं होती. शेजाऱ्याच्या हक्काची हदीस त्यांना तोंडपाठ होती, कुणी कुणाकडून ऐकली त्या नावांच्या सगळ्या साखळीसकट. त्याच महिन्यात त्यांनी ती आमच्याकडून घोकून घेतली होती. इतकं शुद्ध पाठ असलेल्या माणसाला तीस पावलं जड जावीत! मला राग हसू गिळल्याचा आला होता, की पावलं न उचलल्याचा, ते अजून ठरत नाही. दोन्हींचा येतो, आलटून पालटून.

मी चपला न घालताच पळाले. काकू म्हशीखालचं शेण भरत होती. मी धापा टाकत निरोप सांगितला: गैरसमज झाला म्हणाले.

काकूनं पाटी खाली ठेवली. इतके दिवस शांत असलेली ती बाई मी तेव्हा पहिल्यांदा तापलेली बघितली. "माझ्यावर आळ घ्यायला तीन माणसं दारापतुर चालत आली. आन् आळ उतरवायला लेकरू धाडलं व्हय?"

तिनं हात धुतले, कोपरापर्यंत. पदर डोक्यावर घेतला, माझं मनगट धरलं आणि निघाली. खोलीच्या दाराशी चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"मौलीसाब, मी गंगा."

हजरत गडबडून उठले. उस्ताद उठले की आम्हीही उठायचं असा वर्गाचा शिरस्ता होता, त्यामुळं चाळीसच्या चाळीस मुली ताडकन उभ्या राहिल्या. हजरतांनी नजर खाली घातली. त्यांना मराठी येत नव्हती, किंवा येत नाही असं आम्ही समजत होतो.  चटईकडं बघतच ते म्हणाले, "चूक झाली, माँजी."

मला वाटलं काकू म्हणेल, जाऊ द्या. म्हणेल, असू द्या, लेकरागत हाय तुम्ही. आमच्या बायका असंच म्हणतात, आणि मोठ्यात मोठा अन्याय त्या दोन शब्दांत पुसून जातो.

"व्हय," काकू म्हणाली. "झाली."

मग माझं मनगट सोडलं, मला पाठीत हलकेच आत ढकललं आणि म्हणाली, "वाच आता."

आणि मी म्हणू लागले, तेव्हा ती दारातच उभी होती, शेवटच्या सूरेचा शेवटचा शब्द होईपर्यंत. आणि ती उभी होती म्हणून हजरतही बसले नाहीत.